गॅरेजमधला वाडा : प्रकल्प नोंदी

८ सप्टेंबर २०२४, रविवार

काल गणपती बसले. आरतीनंतर लेकीने विषय काढला : यंदा हॅलोविनला दारात नुसते भोपळे नकोत, गॅरेजमध्ये भुताचं घर करू या. इथे न्यू जर्सीत आमच्या गल्लीत दोन घरं दरवर्षी अंगण सजवतात. थडगी, सांगाडे, कोळ्यांची जाळी. तिला तसलं नको. आजोबांच्या गोष्टींतला कोकणातला वाडा तिला हवा. ओसरीवर कंदील, माजघरात कुणी नसताना हलणारा झोपाळा, अंधारी विहीर आणि परसात झाडावर मुंजा. अकरा वर्षांच्या मुलीने इतकं नेमकं सांगितलं की मी तिथल्या तिथे वही काढली.

गॅरेज २० फूट बाय २० फूट. दोन आडव्या भिंती घालून तीन पट्टे करायचे : ओसरी, माजघर, विहीर. शेवटी बाजूच्या दाराने खऱ्याखुऱ्या परसात बाहेर. वाटेची रुंदी सगळीकडे किमान ४ फूट, कारण गल्लीतला एक मुलगा चाकाच्या खुर्चीतून येतो आणि त्याला मागे ठेवून हा खेळ करायचा नाही. प्रत्येक पट्ट्यात उरलेल्या अडीच फुटांत सामान. गॅरेजचं मोठं दार वर उघडंच ठेवायचं, तिथे फक्त पडदा.

१४ सप्टेंबर, शनिवार

सगळ्यात आधी हे ठरवायला हवं : चालवणार कसं?

गाण्यावर घराची रोषणाई नाचवणारे लोक एक्सलाइट्स नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये टाइमलाइन मांडतात आणि रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर फाल्कन प्लेअर नावाचा प्रोग्रॅम ती वाजवतो. डीएमएक्स या दिव्यांना आज्ञा पाठवायच्या पद्धतीत एका युनिव्हर्समध्ये, म्हणजे एका गटात, ५१२ चॅनेल, म्हणजे तीन रंगांचे १७० पिक्सेल (एकेकटे हुकूम घेणारे बारके दिवे). हे गणित मला पाठ आहे, म्हणून पहिला आराखडा तसाच केला : ९० सेकंदांचा खेळ, कंदील मिणमिणतो, झोपाळा हलतो, विहीर उजळते, पुन्हा पहिल्यापासून.

दुपारी लेकीला खडूने आखलेल्या वाटेवरून चालायला लावलं. ती ३५ सेकंदांत बाहेर. मग तिचा बाबा गेला, त्याला ७० लागले. टाइमलाइन दोघांनाही चुकली. रस्त्यावरून बघायच्या रोषणाईत वेळ आपल्या हातात असते. चालत जायच्या घरात ती चालणाऱ्याच्या पायात असते. आराखडा पुसला.

नवा आराखडा : प्रत्येक खोलीला स्वतःचा ईएसपी३२ (छोटा कंट्रोलर), आणि प्रत्येक खोली पाच अवस्थांतून जाणार. लेकीने त्यांना नावं दिली आणि तीच कोडमध्ये गेली : निवांत, चाहूल, गप्प, झडप, सावर. खोल्या एकमेकींना एमक्यूटीटी या यंत्रांच्या निरोपपद्धतीने निरोप देतील. निरोप्या म्हणजे रास्पबेरी पाय, आणि इंटरनेट नसलेला एक जुना राउटर. जाळं तुटलं तरी प्रत्येक खोली आपापली चालली पाहिजे, हा नियम. दुसरा नियम : कोडमध्ये 'डिले' कुठेच नाही. प्रोग्रॅम कुठेही थांबून राहिला तर बंद करायचं बटण त्याला ऐकू येणार नाही.

१७ सप्टेंबर, मंगळवार

अनंत चतुर्दशी. बाबांना पुण्याला फोन केला. ते साडेनऊ तास पुढे, मिरवणुकीचे ढोल फोनवरून ऐकू येत होते. त्यांनी तरुणपणी पेठेतल्या मंडळांसाठी हलते देखावे केलेत, विजेचं सगळं काम त्यांच्याकडे असे. तेव्हा कंट्रोलर म्हणजे लाकडी रूळ. रुळाभोवती तांब्याच्या पट्ट्या ठोकलेल्या, त्यावर पितळी पात्यांची रांग टेकलेली, आणि छोटी मोटर रूळ सावकाश फिरवते. पट्टी पात्याखाली आली की दिवा लागला, पट्टी संपली की विझला. राक्षसाचा हात, देवीचा मागचा प्रकाश, धुराचा पंखा, सगळं त्या एका रुळावर.

मी पाच अवस्था समजावून सांगितल्या. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुझ्या रुळावर मोकळी जागा किती?"

मी म्हटलं, म्हणजे?

"अगं, पट्ट्या ठोकायला कुणालाही येतात. दोन पट्ट्यांच्या मध्ये लाकूड किती उघडं ठेवायचं, ते बघ. गर्दी तिथेच श्वास धरते. आम्ही त्यासाठी पट्ट्या ठोकून पुन्हा उपटायचो."

हे वहीत लाल पेनाने लिहून ठेवलं. 'गप्प' ही अवस्था किती सेकंदांची, हे आता मुलांवर करून बघूनच ठरवणार.

२२ सप्टेंबर, रविवार

माजघराच्या जाळीतून चांदणं यायला हवं. त्यासाठी डब्ल्यूएस२८१२बी जातीच्या एलईडीची ५ मीटर पट्टी, १५० पिक्सेल. लावल्या लावल्या दोन दुखणी.

पहिलं : सुरुवातीचा पिक्सेल मधूनच हिरवा चमकतो, मग सगळी पट्टी वेडीवाकडी. ईएसपी३२ डेटा देतो ३.३ व्होल्टने. ५ व्होल्टवर चालणारा पिक्सेल 'एक' ओळखायला पुरवठ्याच्या ०.७ पट, म्हणजे ३.५ व्होल्ट मागतो. कधी चालतं, कधी नाही, आणि कधी चालतं हेच घातक. मध्ये डेटाचे व्होल्ट ५ पर्यंत चढवणारी ७४एएचसीटी१२५ चिप घातली, डेटाच्या तारेत ३३० ओहमचा रेझिस्टर, पुरवठ्यावर १००० मायक्रोफॅरॅडचा कपॅसिटर. थांबलं.

दुसरं : पांढरा प्रकाश शेवटाकडे जाता जाता तांबूस होतो. पूर्ण पांढऱ्याला एक पिक्सेल ६० मिलिअँपिअर धरायचा, म्हणजे १५० ला ९ अँपिअर. एवढा करंट पट्टीच्या पातळ तांब्यातून जाताना व्होल्ट गळतात. निळ्या आणि हिरव्या एलईडीला तांबड्यापेक्षा जास्त व्होल्ट लागतात, म्हणून आधी ते मंदावतात. दोन्ही टोकांना जाड तारेने पुरवठा दिला, दोन्हीकडे फ्यूज. शिवाय चांदण्याला एवढा उजेड हवाच कशाला? मर्यादा १५ टक्क्यांवर बांधली.

२९ सप्टेंबर, रविवार

माणूस आलाय हे खोलीला कळणार कसं? आज दिवसभर हेच.

पीआयआर (हालचाल ओळखणारे) सेन्सर घरात होते. पहिल्या माणसाला ओळखतात, पण नंतर काही सेकंद आंधळे होतात, आणि मुलं येतात पाचाच्या घोळक्याने. शिवाय ते अंगाची ऊब आणि भोवतालची हवा यांतला फरक बघतात. गरम संध्याकाळी हा फरकच कमी. इन्फ्रारेड किरण आडवा टाकून पाहिला. चाकाच्या खुर्चीने, पिशवीने, झग्याच्या टोकाने, प्रत्येक वेळी निराळ्या उंचीवर तुटतो.

शेवटी सगळ्यात साधं जिंकलं. पुठ्ठ्याचे दोन तुकडे, दोन्हींवर ॲल्युमिनियमची फॉइल, मध्ये भोकं पाडलेला पातळ फोम. पाय पडला की भोकांतून फॉइलला फॉइल लागते. वर चटई. पाच वर्षांच्या मुलाचं वजन पुरतं, खुर्चीचं चाकही पुरतं. कोडमध्ये ५० मिलिसेकंद स्थिर दाब असेल तरच खरं मानायचं. अशा चार चटया केल्या. चौथी परसाच्या दारात.

५ ऑक्टोबर, शनिवार

कंदील. यावर अख्खा दिवस गेला आणि मला त्याचं जराही वाईट वाटत नाही.

बाजारातल्या खोट्या मेणबत्त्या सतत थरथरतात. मीही आधी तसाच कोड लिहिला : दर काही मिलिसेकंदांनी यादृच्छिक आकडा. लेक म्हणाली, "हा बिघडलेल्या ट्यूबलाइटसारखा दिसतोय." बरोबरच होतं तिचं. मग माळ्यावरचा, आईने दिलेला खरा कंदील काढला, मागच्या अंगणात रॉकेल घालून पेटवला आणि समोर फोटोडायोड ठेवून दोन मिनिटं आलेख घेतला.

काचेच्या आतली ज्योत जवळजवळ हलतच नाही. अगदी सावकाश, श्वास घेतल्यासारखी, थोडी वर थोडी खाली. पण पुठ्ठ्याने एकदा वारा घातला की एकदम दबते, मग आधीपेक्षा किंचित मोठी होते आणि हळूहळू जागेवर येते. आमच्या वाड्याच्या कंदिलाला हीच चाल दिली. निवांत असताना स्थिर. ओसरीच्या चटईवर पाय पडला की ०.८ सेकंदात तो दबतो. दार उघडल्यावर वारा आल्यासारखा. फक्त दार कुणी उघडलेलं नसतं.

एक अडचण राहिली. पिक्सेलमध्ये प्रत्येक रंगाला २५६ पायऱ्या, आणि अगदी मंद उजेडात १ वरून २ वर जाणं म्हणजे उजेड दुप्पट. डोळ्याला ती पायरी ठळक दिसते. म्हणून कंदिलातून पिक्सेल काढला आणि १२ व्होल्टचा पिवळसर एलईडी मॉस्फेटवरून (स्विचसारखा वापरायचा ट्रान्झिस्टर) ईएसपी३२च्या पीडब्ल्यूएमने, म्हणजे झपाट्याने चालू-बंद करून, चालवला, १३ बिटांवर. म्हणजे ८१९२ पायऱ्या. वर २.२ चा गॅमा, म्हणजे डोळ्याला पायऱ्या सारख्या दिसाव्यात अशी दुरुस्ती. आता तो विझतो तेव्हा नेमका कधी विझला ते सांगता येत नाही.

बाहेर रांगेत उभं राहायच्या जागी मंद तांबडा दिवा ठरवला. अंधारात पाहणाऱ्या दंडपेशींना गडद तांबडा फारसा जाणवत नाही, त्यामुळे रांगेतच डोळे अंधाराला सरावू लागतात. पूर्ण सरावायला अर्धा तास लागतो, तेवढा वेळ कुणालाच नाही. पण पाच मिनिटांनीही फरक पडतो, हे तिघांनी करून पाहिलं.

१२ ऑक्टोबर, शनिवार

दसरा. पाटावर मल्टिमीटर, सोल्डरिंगची पेन, पकड आणि लेकीचा कंपास. झेंडू वाहिले आणि त्याच हत्यारांनी झोपाळ्याला हात घातला.

झोपाळा म्हणजे फळी आणि दोन दोर, छतापासून १.५ मीटर. गाडीच्या वायपरची मोटर, तिला कडी, कडीपासून मासेमारीची पारदर्शक दोरी. सरळ मोटर चालू ठेवली तर फळी हिसके खाते, आणि हिसके पाहिले की कुणालाही यंत्र आठवतं. भूत यंत्रासारखं हलवत नाही, ते झोके घेतं.

१.५ मीटरच्या लंबकाला एका झोक्याला २.४६ सेकंद लागतात. वायपर सावकाश गतीला मिनिटाला ४५ फेरे घेतो, एक फेरा १.३३ सेकंदांचा. मग एक फेरा, थांबा, पुन्हा एक फेरा. मोटरमधल्या पार्किंग स्विचमुळे ती फेरा संपला की आपली आपण जागेवर थांबते, हा मोठाच फायदा. दर २.४६ सेकंदांनी एक फेरा दिला. पहिली दोन मिनिटं सुरेख, मग हळूहळू ताल चुकला आणि ढकलणं उलट दिशेने येऊ लागलं. झोका मोठा झाला की त्याची वेळही किंचित वाढते, आणि माझं घड्याळ ते पाहत नव्हतं.

उपाय लेकीचा : "आई, झोपाळ्यालाच विचार ना तो कुठे आहे!" फळीखाली चुंबक, जमिनीलगत रीड स्विच (चुंबक जवळ आला की जुळणारा). फळी मध्यातून गेली की टिक. जाताना एक, येताना एक. म्हणून दर दुसऱ्या टिकेला ढकलायचं. आता झोका चुकत नाही. मोटर सहा वेळा ढकलते, सोडून देते, आणि फळी पुढे कितीतरी वेळ आपोआप हलत राहते. आम्ही दोघी जमिनीवर बसून बघत राहिलो.

फळीसमोर कठडा ठोकला. कुणी बसायचं नाही.

१३ ऑक्टोबर, रविवार

मोटर सुरू होते त्या क्षणी माजघराचा ईएसपी३२ मरतो आणि पुन्हा उठतो. सीरियलवर, म्हणजे संगणकावर दिसणाऱ्या त्याच्या नोंदींत, 'ब्राउनआउट' : व्होल्ट कमी पडले. मोटर सुरू होताना क्षणभर भरमसाट करंट ओढते, आणि मी दोघांना एकाच १२ व्होल्टच्या पुरवठ्यावर ठेवलं होतं. पुरवठे वेगळे केले, जमीन (ग्राउंडची तार) एक ठेवली, मोटरवर उलटा डायोड घातला. आवाजाच्या डीएफप्लेअरमधली घरघरही त्यानेच निम्मी झाली. उरलेली त्याच्या आरएक्स तारेत १ किलोओहम घातल्यावर गेली.

आवाज : बाबांनी जात्याची घरघर रेकॉर्ड करून पाठवली. शेजारच्या काकूंचं जातं आहे, अजून चालतं. माजघरात तेवढीच वाजणार, अगदी हळू, भिंतीपलीकडून आल्यासारखी.

१९ ऑक्टोबर, शनिवार

विहीर. काळ्या रंगाचं पिंप, आत खाली आरसा, वर एकतर्फी आरशाची फिल्म लावलेलं ॲक्रिलिक, मध्ये ४ इंच जागा आणि कडेने ६० पिक्सेलचं वलय. दोन आरशांमध्ये प्रकाश खालीवर आपटत राहतो आणि प्रत्येक वेळी थोडा बाहेर सुटतो. वाकून पाहिलं की वलयाखाली वलय, प्रत्येक ८ इंच खोल आणि आधीच्यापेक्षा मंद. आम्ही ११ मोजली. ४ इंचाच्या डब्यात सात फुटांची विहीर.

तिला धुकं द्यावं म्हणून पाण्यात बुडवायची अल्ट्रासॉनिक चकती आणली. पाणी गरम न करता तुषार उडवते, गॅरेजमध्ये धुराच्या यंत्रापेक्षा कितीतरी बरी. पण दहा मिनिटांत ॲक्रिलिकवर दव बसलं आणि विहीर नाहीशी झाली. चकती काढून टाकली.

झडप काय असावी? सगळी वलयं एकसारखीच दिसतात, त्यामुळे खालून काही वर येताना दाखवता येत नाही. तासभर अडलो. मग सगळं वलय एकेक पिक्सेल करत गोल विझवत आणलं आणि शेवटी जवळजवळचे दोनच ठेवले, तांबूस पिवळे. विहिरीत तळापर्यंत डोळ्यांच्या जोड्या. मीच एक पाऊल मागे सरकले.

२० ऑक्टोबर, रविवार

आज सजावट बंद. फक्त बाहेर कसं पडायचं याचं काम.

याच राज्यात, जॅक्सनच्या सिक्स फ्लॅग्ज ग्रेट ॲडव्हेंचरमध्ये, ११ मे १९८४ ला ट्रेलर जोडून केलेल्या भुताच्या किल्ल्याला आग लागली. भिंतीवरच्या फोमने पेट घेतला, आत स्प्रिंकलर नव्हते, धुरात वाट सापडली नाही. आठ किशोरवयीन मुलं गेली. आमचं घर तिथून फार लांब नाही. अंधार मुद्दाम करायचा, वाट मुद्दाम नागमोडी करायची, आणि त्यात दुसऱ्यांची मुलं बोलवायची. या तीन गोष्टी एकत्र लिहिल्यावर मला आणखी कुणी काही सांगायची गरज उरली नाही.

केलेलं असं : भिंतींचं काळं कापड बदलून एनएफपीए ७०१ ही आगीची चाचणी उतरलेलं आणलं. खर्चातला सर्वात मोठा आकडा हाच, आणि तो असाच असायला हवा. गवत, पेंढा, फोमची सजावट बाद. सगळं सामान जीएफसीआय (वीज गळली की पुरवठा तोडणारं संरक्षण) असलेल्या सॉकेटवर. खोल्यांमधल्या भिंती पडद्याच्या, कुठूनही हाताने बाजूला सारून बाहेर येता येतं. दोन्ही दारांशी अग्निशामक नळकांडं.

आणि मोठं लाल बटण. छतावरचे साधे पांढरे दिवे रिलेच्या (विजेने ओढल्या जाणाऱ्या स्विचच्या) नेहमी जोडलेल्या संपर्कावरून घेतले. म्हणजे दिवे विझलेले राहावेत म्हणून माझ्या यंत्रणेला सतत रिले ओढून धरावा लागतो. बटण दाबलं, प्रोग्रॅम अडकला, पुरवठा जळला, तार तुटली, काहीही झालं तरी रिले सुटतो आणि लख्ख उजेड होतो. प्रोग्रॅम अडकला तर कळावं म्हणून वॉचडॉग. अख्ख्या घराचीच वीज गेली तर बॅटरीवर पेटणारे दोन दिवे वेगळे. लेकीने दहा वेळा वेगवेगळ्या तारा उपटून पाहिल्या. दहाही वेळा उजेड झाला.

स्ट्रोब नाही. सेकंदाला तीनपेक्षा जास्त लखलखाट काहींना झटका आणू शकतो, आणि दारात येणाऱ्या मुलाला ते माहीत असेलच असं नाही.

२४ ऑक्टोबर, गुरुवार

मुंजा. काचेवर ४५ अंशांत प्रतिबिंब पाडून अधांतरी आकृती दाखवायची युक्ती लंडनमध्ये जॉन हेन्री पेपर यांनी १८६२ मध्ये रंगमंचावर आणली. डिस्नेलँडच्या १९६९ पासूनच्या भुताच्या हवेलीत नाचणारी भुतं तिनेच दिसतात. आम्ही मोठं ॲक्रिलिक लावून परसात करून पाहिली. रस्त्यावरचा दिवा थेट काचेत. भूत कमी, काच जास्त. लेक हिरमुसली. उद्या बघू.

२६ ऑक्टोबर, शनिवार

रंगीत तालीम. गल्लीतली आठ मुलं, ७ ते १३ वर्षांची, आईवडिलांना विचारून. आज फक्त एक गोष्ट मोजायची होती : 'गप्प' किती सेकंदांचं. बाबांची मोकळी जागा.

अर्ध्या सेकंदावर मुलं हसली. कंदील दबतो, लगेच पाठीमागे कडी वाजते. त्यांना तो विनोद वाटला. ४ सेकंदांवर मोठी मुलं थांबलीच नाहीत, पुढे निघून गेली आणि झडप रिकाम्या खोलीत झाली. अडीच सेकंदांच्या आसपास मात्र खोलीत काहीतरी बदललं. कंदील गेला, जातं थांबलं, काहीच होत नाही, आणि मुलं एकमेकांच्या जवळ सरकली. आवाज होण्याच्या आधीच एकीने दुसरीचा हात धरला होता.

दुसरी गोष्ट तालमीतच कळली. रांगेतली मुलं आतल्या किंकाळ्या ऐकून मोजायला लागतात, "एक, दोन..." म्हणून गप्पची वेळ आता १.८ ते ३.४ सेकंदांच्या मध्ये दर वेळी नवी.

हे पाहिल्यावर बऱ्याच पट्ट्या उपटल्या. ओसरीतले चार दिवे काढले. माजघरातलं फोटोतले डोळे हलण्याचं काम, ज्यावर दोन रात्री घालवल्या होत्या, काढलं. १५० पिक्सेलचं चांदणं आता १२ पिक्सेलचं आहे. झोपाळा बघायला तेवढं पुरतं.

मुंज्याचाही प्रश्न यातच सुटला. आकृती नकोच. परसातला मेपल आहे, पिंपळ नाही, पण महिनाभर पाऊस जवळजवळ पडलेलाच नाही आणि पानं पापडासारखी वाळली आहेत. जाळीच्या पिशवीत पानं, आत संगणकातला १२ व्होल्टचा पंखा, पिशवी डोक्यावर दहा फुटांवर. मुलं दारातून मोकळ्या हवेत येतात, सुटलो म्हणतात, चौथी चटई दाबली जाते, अंगणातला एकुलता दिवा सावकाश मालवतो, आणि वर फांदीवर कुणीतरी बूड हलवल्यासारखी पानं वाजतात. लेक स्वतः पाहून आली आणि म्हणाली, "आई, मला तो दिसला."

३० ऑक्टोबर, बुधवार

राज्यभर उघड्यावर जाळ करायला निर्बंध आहेत. भोपळ्यांत मेणबत्त्या नाहीत, एलईडीच. अंगणातल्या पणत्याही यंदा घरातच लावणार. शेंगदाणा किंवा काजू चालत नाही अशा मुलांसाठी निळसर हिरवा भोपळा वेगळा, त्यात खाऊऐवजी पेन्सिली आणि भिंगऱ्या.

'लहान' नावाचा नवा मोड : सगळे दिवे मंद चालू, झडप नाही, झोपाळा मात्र हलतो. पाच ते सहा हा तास छोट्यांचा.

३१ ऑक्टोबर, गुरुवार

पहाटे अभ्यंगस्नान. इथे अमावस्या सकाळी साडेसहाच्या सुमारास लागली, त्यामुळे नरक चतुर्दशी आणि लक्ष्मीपूजन एकाच दिवशी. पुण्यात पूजन उद्या. पुढच्या दारी रांगोळी आणि आकाशकंदील, बाजूच्या गॅरेजला काळा पडदा. दुपारी पारा ऐंशी फॅरनहाइटच्या घरात. पीआयआर वापरले असते तर आज पस्तावले असते.

५:०० लहान मोड. एक तीन वर्षांची परी झोपाळ्यासमोरून हलेना. तिला तो ढकलायचा होता.

५:५५ सूर्य मावळला. ६:१० पासून पूर्ण अंधार मोड.

६:४० माजघराची चटई दाबलेलीच राहिली. सहा जणांचा घोळका एकदम उभा राहिल्याने फोम चेपून फॉइल चिकटली होती. खोली 'सावर'मध्ये अडकली, बाकीच्या चालू राहिल्या. जाळं तुटलं तरी खोली एकटी चालली पाहिजे, हा नियम इथे कामी आला. पाच मिनिटं रांग थांबवून सुटी ठेवलेली चटई बदलली.

७:०५ विहिरीपाशी आठएक वर्षांची एक मुलगी रडू लागली. तिच्या भावाने बाहेर ओरडून सांगितलं, मी लाल बटण दाबलं, एका क्षणात सगळीकडे पांढरा उजेड. तिच्याजवळ गेले. पिंपाचं झाकण काढून आरसा दाखवला, वलय दाखवलं, तिच्या हाताने पिक्सेल लावले-विझवले. तिने विचारलं, झोपाळा कोण हलवतं? तिला दोरी दाखवली. मग ती म्हणाली, आता पुन्हा अंधार करा, मला परत जायचंय. केला. या वेळी ती सगळ्यांच्या पुढे होती आणि भाऊ मागे.

खुर्चीतला मुलगा तीनदा जाऊन आला. तिसऱ्यांदा त्याने चाक चटईच्या आधीच थांबवलं, अंधारात बराच वेळ कान देऊन बसला, आणि मग स्वतःच पुढे सरकला. यंत्र तयार होतं, पण मोकळी जागा त्याने ठरवली.

७:३० बंद. पहिल्या चटईवर १०४ नोंदी. घोळक्यांची संख्या ती, मुलं त्याहून जास्त.

७:४५ लक्ष्मीपूजन. हातांना अजून फॉइलचा चंदेरी रंग होता. बाबांना व्हिडिओ पाठवला, तिकडे पहाटेचे सव्वापाच.

३ नोव्हेंबर, रविवार

घड्याळं मागे गेली. आवराआवर. प्रत्येक तारेला दोन्ही टोकांना चिठ्ठी : खोली, काम, व्होल्ट. फॉइलच्या चटया पुढच्या वर्षी अशा नकोत, फोम जाड हवा आणि मधली भोकं लहान. काळं कापड घडी घालून कोरड्या पेटीत, प्रमाणपत्र सोबत. वायपरची मोटर ग्रीस मागते आहे.

बाबांचा फोन आला. व्हिडिओ चारदा पाहिला म्हणाले. मेपलखालचा भाग त्यांना आवडला, पण पंखा अर्धा सेकंद लवकर सुरू होतो असं त्यांचं म्हणणं. नोंद तपासली. दिवा पूर्ण मालवायच्या ०.४ सेकंद आधी पंख्याला निरोप जात होता. कोडमध्ये दुरुस्त केलं.

कंदील बांधायचा होता, लेकीने अडवला. तुळशीच्या लग्नापर्यंत तो पुढच्या ओट्यावर राहणार. चटईची जोडणी काढली, वाऱ्याचा भाग काढला, फक्त सावकाश श्वास ठेवला. आता पाच वाजायच्या आतच मावळतं, म्हणून पावणेपाचला उजळ, दहाला मालव. कोड वहीच्या शेवटच्या पानावर चिकटवला.